सायकलच्या फ्रेमवर घरच्या घरी स्प्रे कॅनने क्लिअर कोट: कुणाला अनुभव?

गंजलेली घंटी

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय.

वडिलांची जुनी स्टीलची सायकल आहे. सगळे पार्ट उतरवले, जुना रंग आणि गंज काढला, प्राइमरचे दोन हात दिले आणि वर गडद निळ्याचे तीन. सगळं स्प्रे कॅननंच, गच्चीत. शेवटचा हात काल संध्याकाळी पडला. चार पावलांवरून पाहिलं तर हे मी केलंय यावर माझाच विश्वास बसत नाही. जवळ गेलं की मग एकेक दिसायला लागतं. सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) आणि चेनस्टे (तिच्या बुडापासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) मिळतात त्या बेचक्यात रंग वाळूसारखा खरखरीत लागतो, आणि तिरक्या दांड्यावर एक केस कायमचा वस्तीला आलाय. केस माझाच असणार, हल्ली ते डोक्यावर कमी आणि इतरत्र जास्त असतात.

आता क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारायचाय. क्लिअरखाली हा खरखरीतपणा झाकला जाईल ना? काही कॅनवर १के लिहिलंय, काहींवर २के, त्यात फरक काय? नावाचं स्टिकर क्लिअरच्या आधी लावायचं की नंतर? आणि मुख्य म्हणजे सायकल जोडायला किती थांबायचं? कॅनवर ‘२० मिनिटांत कोरडा’ असं आहे, तेव्हा शनिवारी मारून रविवारी जोडायची असा बेत आहे.

हवाभर

जागा धरून बसतो. माझीही एक फ्रेम माळ्यावर पडून आहे. तुमचं बिघडलं तर माझं वाचेल.

वॉटरपेपर

गाड्यांच्या रंगकामात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

खरखरीतपणा झाकला जाणार नाही, आणखी उठून दिसेल. वर चकाकी आली की उजेड तिथेच अडखळतो आणि नजरही. बेचक्यात कॅनचं तोंड नीट पोचत नाही, मग आपण लांबून मारतो. तुषार फ्रेमपर्यंत जाता जाता हवेतच सुकतात आणि पिठासारखे बसतात. आम्ही त्याला ‘सुका मारा’ म्हणायचो. त्यावर १००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवा. बोटाला गुळगुळीत लागलं की बास. घासलेला भाग फिकट, मेणचट दिसेल, घाबरू नका, क्लिअर पडला की परत गडद होतो. पण निळा कालचा आहे, त्याला निदान दोन दिवस द्या. कच्च्या रंगावर पेपर फिरवलात तर रंगाच्या गोळ्या होऊन पेपरात भरतात आणि त्याच गोळ्या चरे पाडतात. केसाच्या जागी घासून तेवढ्यावर पुन्हा निळ्याचा एक फवारा द्या. हे सगळं साध्या रंगाचं सांगतोय. मेटॅलिक असेल तर क्लिअरच्या आधी पेपर लावूच नका, आतली चमकी उघडी पडून डाग दिसतो.

एक गोष्ट बघाच: निळ्याच्या कॅनच्या मागे दुसरा हात कधी द्यायचा ते लिहिलेलं असतं. बऱ्याच इनॅमल कॅनवर ‘एका तासाच्या आत, नाहीतर ४८ तासांनंतर’ असं असतं. मधल्या काळात वरून क्लिअर पडला तर त्यातलं थिनर खालच्या अर्धवट सुकलेल्या थरात शिरतं आणि रंग सुरकुततो, साईसारखा गोळा होतो. त्याला इलाज नाही. सगळं खरवडून पहिल्यापासून.

आता मारायची पद्धत. कॅन हलवताना आतली गोळी खुळखुळायला लागली की तिथून पुढे दोन मिनिटं धरा. कॅन गार असेल तर कोमट पाण्यात दहा मिनिटं उभा करा. कोमट म्हणजे हात सुखानं बुडेल इतकंच. कॅनवर ५० अंश सेल्सिअसची मर्यादा छापलेली असते, ती ओलांडली तर कॅन फुटू शकतो. कोमट कॅनचा तुषार बारीक पडतो, मग साल कमी येते. (साल म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पृष्ठभाग.)

अंतर एक वीत, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर. बटण नळी सुरू होण्याआधी हवेत दाबायचं, हात सरळ नळीवरून न्यायचा आणि नळी संपल्यावर हवेतच सोडायचं. फ्रेमवरच बटण दाबलं की पहिला थेंब जाड पडतो. मनगट वळवायचं नाही, अख्खा हात सरकवायचा. दर पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे.

पहिला हात अगदी विरळ, धुकं बसल्यासारखा. तो बघून मन भरत नाही, अजून थोडं मारावंसं वाटतं. मारू नका. त्याचं काम दिसण्याचं नाही, पुढच्या हातांना धरून ठेवण्याचं आहे. दहा मिनिटं थांबा. मग दोन हात ओलसर, मध्ये पुन्हा तेवढंच थांबून. ओलसर म्हणजे किती हे ओळखायला एक दिवा बाजूला तिरका ठेवा. नळीवर त्याचं प्रतिबिंब आधी फुटकं, दाणेदार दिसतं आणि क्लिअर बसला की कडा जुळून एक सलग रेघ होते. रेघ जुळली की तिथून हात पुढे. त्यानंतर पडलेला प्रत्येक थेंब ओघळायच्या तयारीत असतो.

आधी बेचकी, मग नळ्या. बॉटम ब्रॅकेटचा (पेडलचा धुरा बसतो तिथला) भाग, चेनस्टेच्या आतल्या बाजू, सीट ट्यूबची मागची बाजू, हे आधी उरका. लांब सोप्या नळ्यांपासून सुरुवात केली की बेचक्यात मारताना उडालेली पूड त्यांच्यावर बसते. आणि फ्रेम टांगलेली असेल तर खालून, गुडघ्यावर बसून बघा. सायकलच्या पोटाकडे कुणी बघत नाही, चिखल मात्र नेमका तिथेच उडतो.

फ्रेम आणि फोर्क (पुढच्या चाकाचा चिमटा) मिळून तीन हातांना ४०० मिलीलीटरचा एक कॅन जेमतेम पुरतो. नळी बारीक, अर्धा माल हवेत जातो. दोन जवळ ठेवा.

बाष्प

वरच्या प्रतिसादाला +१. १के-२केबद्दल मी लिहितो, कारण इथे गंमत संपते.

१के म्हणजे एकाच घटकाचा. कॅनमध्ये राळ विरघळवलेली असते. तुम्ही मारता, द्रावक उडून जातं, राळ मागे उरते. ती नुसती सुकलेली असते. त्यामुळे तसलंच द्रावक पुन्हा लागलं तर पुन्हा मऊ पडते. थिनर किंवा ब्रेक क्लीनरचा बोळा १के क्लिअरवर फिरवून पाहा, बोळ्याला क्लिअर चिकटून येईल. २केमध्ये राळ आणि हार्डनर (राळ कडक करणारा घटक) वेगळे असतात. कॅनच्या बुडाशी एक बटण असतं. ते ठोकलं की आतली कुपी फुटते, दोन्ही मिसळतात आणि रासायनिक क्रिया सुरू होते. तयार होतो तो थर जाळीसारखा एकमेकांत गुंतलेला असतो, म्हणून टणक, आणि पेट्रोल-थिनरला बराच पुरून उरणारा. एकदा बटण ठोकलं की कॅन साधारण एक-दोन दिवसांत वापरून संपवायचा. उरलेला कॅनमध्येच दगड होतो.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. श्वासातून गेले तर दमा जडू शकतो. एकदा शरीर त्यांना ‘ओळखायला’ लागलं की पुढे अगदी कणभर संपर्कानंही झटका येतो, आणि ही संवेदनशीलता सहसा परत जात नाही. वासावर भरवसा ठेवता येत नाही, वास जाणवण्याआधीच प्रमाण घातक झालेलं असू शकतं. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्याहून जास्त मोनोमेरिक डायआयसोसायनेट असलेला माल व्यवसायात वापरणाऱ्याला आधी प्रशिक्षण घेणं बंधनकारक आहे. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क इथे शून्य कामाचा. रंगकामाच्या कारखान्यात बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरतात.

माझं मत: घरात, बाल्कनीत, लहान मुलं किंवा दमेकरी आसपास असताना २के नाही. मोकळी गच्ची असेल तरी सेंद्रिय बाष्पाचं काडतूस आणि कणांचं फिल्टर दोन्ही असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, हातमोजे, गॉगल आणि पूर्ण बाह्या. दाढी असेल तर मास्क बसत नाही, हेही लक्षात घ्या. १केलासुद्धा बाष्पाचा मास्क लागतोच. आणि दोन्ही कॅनमधला वायू ज्वलनशील असतो. जवळ शेगडी, गिझरची ज्योत, विडी-सिगरेट काही नको.

वॉटरपेपर

सगळं मान्य. तरी १के मारून लोक नंतर रडतात हेही खरं. चेन धुवायला डिग्रीझर (तेल-ग्रीस काढणारं द्रावण) उडवतात आणि महिन्याभरात चेनस्टे ओशट, चिकट. मास्क घ्या, मोकळ्यावर मारा, पण मारा २के.

बाष्प

मोकळ्यावर मारा म्हणजे वारं, धूळ आणि शेजाऱ्याची गॅलरी. तुम्ही शेडमध्ये काम केलंय साहेब, यांच्याकडे गच्ची आहे.

स्पोकशास्त्री

दोघांचं चालू द्या. चेनस्टेवर पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म चिकटवली की १केचंही निभावतं, आणि डिग्रीझर फडक्यावर घेऊन चेनला लावायचं असतं, फ्रेमवर फवारायचं नसतं.

मला वेगळंच सांगायचंय. घरी रंगवलेल्या फ्रेमा जोडायला माझ्याकडे येतात तेव्हा रंग सुंदर असतो आणि बॉटम ब्रॅकेट आत जात नाही. आट्यांत रंग. मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवत बसा. म्हणून झाकाझाकीत कंजुषी करू नका. बॉटम ब्रॅकेटचे आटे, हेड ट्यूबची (हँडलखालच्या आखूड नळीची) दोन्ही तोंडं जिथे बेअरिंगच्या वाट्या दाबून बसवतात, सीट ट्यूबचं आतलं अंग, हे सगळं बंद पाहिजे. आत कागदाचा बोळा, तोंडावर मास्किंग टेप, आणि टेपची कड ब्लेडनं गोल कापलेली. बाटलीच्या पिंजऱ्याच्या भोकांत जुने स्क्रू पिळून ठेवा, वर रंग बसला तरी स्क्रू टाकून देता येतात. सीट ट्यूबमध्ये क्लिअरचा पातळ थर गेला तरी सीटपोस्ट (सीटची दांडी) अडते, आणि जोर लावून घातलीत तर पुढच्या वेळी निघत नाही.

ड्रॉपआउटच्या (चाकाचा धुरा बसतो त्या खाचांच्या) ज्या अंगांवर चाकाचा नट किंवा क्विक रिलीज आवळला जातो तिथे क्लिअर अजिबात नको. रंगाचा थर दाबाखाली हळूहळू चेपतो, आवळलेला नट आपोआप सैल होतो आणि चाक सरकतं. डिस्क ब्रेकच्या माउंटचंही तेच. दिसण्याचा प्रश्न नाही, पडण्याचा आहे.

बॉटम ब्रॅकेटच्या पोटाशी फ्रेमचा नंबर कोरलेला असतो तो आधी फोटो काढून ठेवा आणि पेपर मारताना जपा.

टेप कधी काढायची? शेवटचा हात हाताला चिकटेनासा झाला की लगेच, टेप स्वतःवरच मागे दुमडत, सावकाश. पुरता कडक झाल्यावर ओढली तर क्लिअरची कड टेपबरोबर उचकटून येते.

डबलसीट

स्टिकर आधी, क्लिअर नंतर. पण धीरानं. मी छापून आणलेलं पाण्यात सोडायचं डेकल लावलं, छान बसलं. मग उत्साहानं थेट ओला हात मारला. अक्षरांची शाई सुटली आणि वळणं पसरली. नाव वाचता येतं, पण सायकल रडतेय असं वाटतं. इंकजेटवर छापलेल्याला हा धोका जास्त. आता मी स्टिकरवर आधी तीन विरळ हात देते, प्रत्येकानंतर दहा मिनिटं, आणि मगच ओलसर. विनाइलचं जाड स्टिकर असेल तर कड क्लिअरखालीही बोटाला लागते. ती पुरती बुजवायला चार-पाच हात आणि मधे घासणी लागेल, मला तरी तेवढी हौस नाही.

चढण

माझा प्रश्न आगंतुक वाटेल. कार्बनची फ्रेम आहे, जुना क्लिअर सीटस्टेवर (सीटपासून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीवर) उडून धागे दिसतायत. हेच सगळं तिला लागू?

स्पोकशास्त्री

बरंचसं. दोन गोष्टी कटाक्षानं टाळा: रंग काढायचं केमिकल आणि हॉट एअर गन. दोन्ही धाग्यांना धरून ठेवणाऱ्या राळेलाच खातात. नुसता पेपर, तोही पाण्यात, बारीक नंबरचा, कारण ती काळी धूळ छातीत जाऊ नये. उखडलेल्या क्लिअरच्या कडा उतरत्या करा. पाण्यात पांढरटऐवजी काळं येऊ लागलं तर थांबा, तो रंग नव्हे, फ्रेम आहे. आणि आधी हे बघा की नुसता क्लिअर उडालाय की खाली भेग आहे. नाण्यानं टकटक करून पाहा. एका जागी आवाज बद्द येत असेल तर क्लिअरची बातच सोडा, जाणत्याला दाखवा. पण तो भाग क्लिअरविना उघडा ठेवू नका, उन्हापासून राळेचं रक्षण तोच करतो.

हवाभर

आणि मला रंगच नको असेल तर? घासून चकचकीत केलेलं स्टील, पितळेचे जोड दिसतायत, वर फक्त क्लिअर. फोटोत फार देखणं दिसतं.

वॉटरपेपर

फोटो पहिल्या आठवड्यात काढलेला असतो. क्लिअर पाणी पूर्ण अडवत नाही, गंजाला रोखणारं त्यात काही नसतं, ते काम प्राइमरचं. कुठेतरी खडा उडून बारीक टवका जातो, तिथून गंज क्लिअरच्या खालून गांडुळासारखा वळवळत रेषा काढत जातो. वरचा थर शाबूत, खाली नक्षी. पुसता येत नाही कारण ती काचेआड आहे. कोरड्या खोलीत भिंतीवर टांगायची असेल तर करा.

हवाभर

टांगायचीच आहे बहुधा. गेली सहा वर्षं तिची तीच सवय आहे.

गंजलेली घंटी

सर्वांचे आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. निळ्याला तीन दिवस दिले, घासलं, केस काढला, १के घेतला (घरात आईला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे वाद मिटला). काल संध्याकाळी मारला.

आणि फ्रेम दुधाळ झाली.

पहिला हात ठीक होता. दुसरा पडल्यावर पाच मिनिटांत वरच्या दांड्यावर पांढुरकी साय धरली, मग सगळीकडे पसरली. आरशावर श्वास सोडल्यासारखं दिसतंय, पण पुसलं जात नाही. सकाळी पाऊस येऊन गेला होता, पण मारताना हवा कोरडीच वाटत होती. सगळं फुकट गेलं का?

बाष्प

नाही. शांत व्हा, पुसू नका.

द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, त्यामुळे फ्रेम भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते. हवा दमट असली की त्या थंड थरावर दव धरतं. ओल्या क्लिअरमध्ये अडकलेले ते पाण्याचे सूक्ष्म थेंब पांढरे दिसतात. पाऊस थांबून काही तासच झाले होते आणि वर संध्याकाळ, म्हणजे फ्रेमही गार होत चाललेली.

१के असल्याचा इथे फायदा आहे. उद्या ऊन चढल्यावर फ्रेम सावलीत पण उबदार जागी दोन-तीन तास ठेवा, मग त्याच क्लिअरचा एक पातळ हात द्या. नव्या द्रावकानं जुना थर पुन्हा सैल होतो, ओल निघून जाते आणि धुकं विरतं. साधारण १५ ते २५ अंश तापमान आणि ६० टक्क्यांखालची आर्द्रता असेल तेव्हाच. आर्द्रता मोजायचा छोटा काटा मिळतो. ‘कोरडी वाटत होती’ हे माप नव्हे.

गंजलेली घंटी

गेलं! अक्षरशः डोळ्यांदेखत गेलं. निळा पुन्हा आतून वर आला. सकाळी अकराला मारला, काटा ४८ दाखवत होता. त्या आनंदात आणखी एक हात दिला, आणि त्या आनंदाचा ओघळ आता बॉटम ब्रॅकेटच्या खाली आहे. पडद्यासारखा लोंबतोय, खाली एक थेंब तयार होऊन थबकलेला. बोटानं हळूच सारखा करायला गेलो. (माहीत आहे. माहीत आहे.)

वॉटरपेपर

बोट लावायचंच ठरवलं असेल तर मग फोर्कलाही लावा, दोन्हीकडे सारखं दिसेल.

आता त्याला विसरा. ओघळ बाकीच्या थरापेक्षा जाड असतो, वरून कातडी धरते आणि आत आठवडाभर ओला राहतो. आज पेपर लावलात तर आतला चिखल बाहेर येईल. दहा-बारा दिवसांनी नखानं दाबून पाहा, खूण उमटली नाही तरच हात लावा. लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर १५०० नंबरचा पेपर गुंडाळा, पाण्यात बुडवून फक्त ओघळाच्या माथ्यावर फिरवा. बोटानं दाबून घासू नका, बोट खड्डा करतं, ठोकळा माथा कापतो. पांढरं पाणी यायला हवं. निळं दिसलं तर क्लिअर संपला, थांबा. मग २०००, मग रबिंग कंपाउंड. नळीच्या कडेला आणि जोडांवर जपून, क्लिअर तिथे सगळ्यात पातळ असतो. बरं झालं ग्लॉस घेतलात. मॅटचा ओघळ असा घालवता येत नाही, घासलं की तिथेच चकाकतं.

हवाभर

बोटाच्या ठशाचा फोटो टाका ना.

गंजलेली घंटी

नाही टाकणार.

गंजलेली घंटी

धागा वर काढतोय, आणि कबुलीजबाब देतोय.

बारा दिवस थांबा असं सांगितलं होतं. मी पाच थांबलो. हाताला काही लागत नव्हतं, छान टणक वाटत होती, रविवार होता, वडील विचारत होते. म्हटलं ओघळाला हात लावायचा नाही ना, नुसती जोडतो. फ्रेम स्टँडच्या जबड्यात वरच्या दांड्यावर धरली आणि दोन तास काम केलं. जबड्याला रबर आहे म्हणून निर्धास्त. सोडवली तर दांड्यावर रबराची जाळी उमटलेली. दोन्ही बाजूंना, स्टॅम्प मारल्यासारखी. ब्रेकची केबल जिथे हेड ट्यूबला टेकते तिथे अर्ध्या दिवसात चर पडली. आणि मागचं रिफ्लेक्टर लावायला प्लास्टिकचा पट्टा आवळला होता, तो काढताना खालचा क्लिअर पट्ट्याबरोबर आला.

वडिलांनी चष्मा लावून दांड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, हे डिझाइन आहे का?

बाष्प

अरेरे. कॅनवरच्या ‘२० मिनिटांत कोरडा’चा अर्थ धूळ चिकटणार नाही, इतकाच. वरचा थर सुकला की तोच खालच्या द्रावकाच्या वाटेत आडवा येतो, मग उरलेलं द्रावक मुंगीच्या पावलानं बाहेर येत राहतं. जितके हात जास्त, जितके घाईनं दिलेले, तितके दिवस जास्त. तुमचे चार-पाच हात झाले आहेत, त्यातला एक दुरुस्तीचा. पुरतं कडक व्हायला तीन-चार आठवडे धरा.

ओळखायची साधी खूण: फ्रेमचा दांडा प्लास्टिकच्या पिशवीत सैलसर गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी पिशवीत नाक घाला. थिनरचा वास येत असेल तर अजून कच्चा आहे.

स्पोकशास्त्री

स्टँडमध्ये रंगवलेली फ्रेम कधीही दांड्यावर धरू नये, कच्ची असो वा पक्की. सीटपोस्ट धरायची. हे मी आधी सांगायला हवं होतं, चूक माझीही. पातळ नळ्यांची फ्रेम असेल तर रंगाचं सोडा, दांडाच चेपतो.

जाळी उमटलीय ती तूर्त राहू दे. सगळं पुन्हा उतरव, उबदार कोरड्या जागी टांग आणि महिना विसर. थर मऊ असताना केलेली प्रत्येक दुरुस्ती नवी जखम करते.

डबलसीट

माझ्या सायकलीचं नाव वाचता येत नाही, यांच्या सायकलीवर जाळीचं डिझाइन आहे. एक प्रदर्शन भरवू या का?

गंजलेली घंटी

पाच आठवड्यांनंतरची बातमी. या वेळी खरोखरच थांबलो, कारण वडिलांनी फ्रेम स्वतःच्या खोलीत टांगून घेतली आणि किल्ली दिली नाही.

पिशवीची परीक्षा चौथ्या आठवड्यात पास झाली. आधी ओघळ. ठोकळा, १५००, पाणी. सुरुवातीला पेपर फक्त लोंबत्या थेंबाच्या टोकाला घासत होता, टोक पांढरं होत गेलं, मग ते पांढरं हळूहळू वर चढून पडद्याच्या रुंदीला पसरलं, आणि एका क्षणी ठोकळ्याखालचा आवाजच बदलला. खरखर जाऊन सुळसुळ. बोट फिरवलं तर थेंब नाही. तिथे थांबलो. २०००, कंपाउंड, आणि आता तो भाग बाकी फ्रेमपेक्षा जास्त चकाकतो, जो उलटी केल्याशिवाय दिसत नाही.

दांड्यावरची जाळी तशीच घालवली, पण एका बाजूला रुपयाएवढ्या जागी निळं पाणी आलं. तेवढ्यावर आणि पट्ट्यानं उपटलेल्या जागी निळ्याचा हात, दोन दिवस, मग अख्ख्या दांड्यावर क्लिअर. नुसत्या डागावर मारला असता तर कड दिसली असती, म्हणून जोडापासून जोडापर्यंत. आता पुन्हा चार आठवडे. किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे.

वॉटरपेपर

वडिलांना आमच्या शेडमध्ये घेतलं असतं.

चढण

धागा वाचून माझं धाडस झालं. सीटस्टेवर मारला, मागे ओघळ नाही, पुढे थोडी साल आहे. टकटकही केली, आवाज सगळीकडे सारखा आला. एक उरलेला प्रश्न: अर्धा कॅन शिल्लक आहे. ठेवता येतो का? आणि त्याच क्लिअरनं जुन्या ॲल्युमिनियमच्या रिम चमकवल्या तर?

वॉटरपेपर

१के असेल तर ठेवता येतो. कॅन उलटा धरून बटण दाबा, नुसती हवा यायला लागली की सोडा, म्हणजे तोंडात क्लिअर वाळून बसत नाही. सावलीत उभा ठेवा, बंद गाडीत नको. २के असेल तर आज काय ते मारून टाका.

स्पोकशास्त्री

रिमवर मारायचाच असेल तर ब्रेकचे रबर जिथे घासतात त्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या टेपनं पूर्ण झाका. तिथे क्लिअर गेला तर पहिल्या काही ब्रेकना चाक थांबणार नाही, आणि नंतर तो खरवडून रबरात भरेल. डिस्कची सायकल असेल तर रिम मोकळी आहे, मारा, पण आधी चाकातून डिस्क काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. हवेत उडालेला तुषारसुद्धा तिच्यावर बसायला नको.